एक यंत्र, वीस मेजे आणि परवान्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पालघर येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे विषय आपल्याकडे बहुधा ठरलेले असतात. शिक्षणनिधी, वसतिगृह, लग्नातील खर्च, तरुणांची बेकारी यांपैकी एखादा विषय माझ्या वाट्यास आला असता तर आपण तो सवयीने व सुखाने ऐकला असता. परंतु चिटणीसांनी मला संगणकाच्या परवान्यांच्या खर्चावर बोलावयास सांगितले आहे. हा रुक्ष विषय मंडळाच्या गळ्यात माझ्यामुळेच पडला असल्याने तक्रार करण्यास मला जागा नाही. वसतिगृहातील संगणककक्षासाठी जे दरपत्रक गेल्या वर्षी कार्यकारिणीने मंजूर केले, त्याची शिफारस मीच केली होती. ते दरपत्रक चुकीचे होते. ही चूक कशी झाली हे सांगणे माझे कर्तव्य आहे, आणि बोईसर-तारापूरच्या वसाहतीत ज्या आपल्या बांधवांचे लहानमोठे गाळे आहेत, त्यांनाही त्यातून काही उपयोग होईल अशी आशा आहे.

आपला समाज मुळात वाडीवर जगणारा. केळवे-माहीमचा पानमळा, भाजी, केळी, चिकू हे आपले जग. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली, पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढली, आणि आपली मुले पहाटेची गाडी पकडून मुंबईस जाण्याऐवजी बोईसरला उतरू लागली. कोणी रंगद्रव्याच्या कारखान्यात, कोणी औषधांच्या, कोणी पोलादाच्या. त्यांतील काहींनी नोकरी सोडून स्वतःचे गाळे घेतले. या गाळ्यांतून संगणक आला तो हिशेबनिसाच्या मेजावर, टॅलीच्या रूपाने. मग भांडारात आला, फाटकावर गेटपास छापण्यास आला, प्रयोगशाळेत आला. पाहता पाहता ज्या कारखान्यात चाळीस माणसे, तेथे वीस संगणक झाले.

रासायनिक वसाहतीत संगणक फार दिवस टिकत नाही, हे येथील अनेकांस ठाऊक आहे. हवेतील आम्लाची वाफ तांब्याच्या जोडण्या खाते, पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि प्रत्येक मेजावरच्या खोक्यात धूळ साचते. म्हणून वीस पूर्ण संगणकांऐवजी एकच सशक्त सर्व्हर बंद व थंड खोलीत ठेवावा, त्याच्या पोटात वीस आभासी संगणक चालवावेत, आणि मेजावर फक्त पडदा, कळफलक व मूठभर आकाराचे एक खोके ठेवावे, ही कल्पना कोणासही पटावी अशीच आहे. कारकून खोके सुरू करतो. त्याला वाटते आपण आपल्याच संगणकावर काम करीत आहोत. वास्तविक तो संगणक पलीकडच्या खोलीतील यंत्राचा एक विसावा हिस्सा असतो. मेजावरचे खोके बिघडले तर पाच मिनिटांत दुसरे लावता येते, हिशेबाची प्रत कोणी खिशात घालून नेऊ शकत नाही, आणि रोज रात्री सर्वांची राखीव प्रत एका ठिकाणी निघते. ही युक्ती नवी नाही. १९७२ साली आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० नावाची जी प्रणाली बाजारात आणली, तिचे तत्त्व हेच होते.

वसतिगृहासाठी मी हीच योजना सुचविली. मुले साठ, मेजे वीस. विक्रेत्याचे दरपत्रक चार ओळींचे होते. सर्व्हर एक, लहान खोकी वीस, पडदे वीस, आणि चौथ्या ओळीत ‘ऑपरेटिंग सिस्टिम – समाविष्ट’ एवढेच शब्द. सर्व्हरच्या किमतीवर मी तीन आठवडे घासाघीस केली. चौथ्या ओळीवर तीन मिनिटेही विचार केला नाही. ‘समाविष्ट’ हा शब्द वाचून माणूस निश्चिंत होतो. मीही झालो.

पुढे बोईसरला नोकरी करणाऱ्या आपल्याच एका तरुण अभियंत्याने ते कागद सहज चाळले आणि मला विचारले, “काका, ही विंडोज कोणत्या परवान्याची?” मला प्रश्नच कळला नाही. विंडोज ती विंडोज. तिच्यात जाती कसल्या? त्याने मला समजावले ते मी माझ्या भाषेत आपणांस सांगतो.

विंडोज आपण विकत घेत नाही. ती वापरण्याची अनुज्ञा विकत घेतो, आणि अनुज्ञेला अटी असतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एकेकाळी कुळाने जमीन कसली आहे, त्यांना हा भेद वेगळा समजावण्याची गरज नाही. फरक इतकाच की १९४८ चा कूळकायदा झाला, १९५७ चा कृषक दिन उजाडला, आणि कसणारा मालक झाला. संगणकाच्या कुळासाठी असा दिवस उजाडलेला नाही. दुकानातून संगणक आणतो तेव्हा त्याच्यासोबत जी विंडोज येते, ती ओईएम परवान्याची असते. ती त्या एका यंत्राशी बांधलेली. यंत्र भंगारात गेले की परवानाही भंगारात. तो काढून सर्व्हरच्या पोटातील आभासी संगणकास लावता येत नाही. आमच्या विक्रेत्याच्या मनात नेमके हेच होते. जुन्या संगणकांवरील परवान्यांची चिकटपट्टी दाखवून तो आम्हांस ‘समाविष्ट’ म्हणत होता. त्याहून वाईट काही त्याच्या मनात होते की काय, याची चर्चा मी येथे करीत नाही.

आता यातला खरा गुंता. आपल्या पट्टीत ब्रिटिश अमदानीत ताडामाडावर झाडागणिक कर असे. झाड मोजावे, झाडावर चढणारा मोजावा, की उतरलेली मडकी मोजावीत, यावर करदात्याचे सारे भवितव्य अवलंबून. परवान्याचेही तसेच आहे. सर्वसाधारण माणूस म्हणेल, वीस आभासी संगणक आहेत, वीस परवाने घ्यावे, संपले. परंतु आभासी विंडोजपर्यंत जे उपकरण पोहोचते, ते मायक्रोसॉफ्ट मोजते. म्हणजे मडकी न मोजता चढणारे मोजले जातात. जुलै २०१० पासून या परवान्याला व्हीडीए असे नाव आहे. त्यापूर्वी याच जागी व्हीईसीडी नावाचा दुसरा परवाना होता. मेजावर ज्या यंत्रास विंडोजचा व्यावसायिक परवाना आहे आणि ज्यावर वार्षिक ‘सॉफ्टवेअर अॅश्युरन्स’ भरलेले आहे, त्यास हा हक्क आपोआप मिळतो. मूठभर आकाराच्या खोक्यास तो मिळत नाही. त्याच्यासाठी व्हीडीए वेगळा भरावा लागतो, आणि तो एकदाच नव्हे, दरवर्षी. ज्या खोक्यांमुळे पैसे वाचणार असे आम्ही समजत होतो, त्या खोक्यांवरच हे भाडे बसते.

२०१० साली या परवान्याचा जाहीर दर उपकरणामागे वर्षाला १०० डॉलर होता. प्रत्यक्ष दर विक्रेत्यागणिक व करारागणिक बदलतो, परंतु अंदाजासाठी तोच धरू. वीस खोकी, म्हणजे वर्षाला २,००० डॉलर. २०१० साली डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. २०२५ साली तो ८५ रुपयांच्या पलीकडे गेला. ८५ नेच गुणले तर १,७०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३०,६००. एकूण २,००,६०० रुपये, एका वर्षाचे. पाच वर्षांचे १०,०३,००० रुपये, आणि ते डॉलर आहे तेथेच राहिला तर. कारखानदाराला जीएसटीची वजावट मिळते. वसतिगृहास ती मिळत नाही. पाच वर्षांच्या या रकमेचा आकडा मी खजिनदारांस प्रथम सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला तो पुन्हा सांगावयास लावला.

दुसरी एक गोष्ट मी मोठ्या अभिमानाने योजनेत घातली होती. मुलांनी आपल्या खोलीतून, स्वतःच्या मोबाइलवरून वा लॅपटॉपवरूनही आभासी संगणक वापरावा अशी सोय. तांत्रिकदृष्ट्या ती शक्य आहे. परंतु उपकरणे मोजावयाची म्हटल्यावर मोबाइल हेही उपकरणच. वीसाचे साठ झाले असते, कदाचित ऐंशी. एका वेळी दहाच मुले बसली आहेत म्हणून दहाच परवाने पुरतात असे नाही. एकाच वेळी किती जण वापरतात यावर हा हिशेब चालत नाही. २०१४ च्या अखेरीस माणसामागे परवाना घेण्याची सोय झाली, ती ज्याच्याकडे एकाहून अधिक यंत्रे आहेत त्याच्या हिताची. उलट तारापूरच्या ज्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात आणि एकाच मेजावर दिवसातून तीन माणसे बसतात, तेथे माणसे मोजणे म्हणजे तिप्पट भरणे. तेथे यंत्रच मोजावे. हा विचार ज्याने आधी केला त्याचे पैसे वाचतात, आणि विक्रेता हा विचार आपल्यासाठी क्वचितच करतो.

दुसराही एक मार्ग आहे, आणि लहान कार्यालयास तो बहुधा स्वस्त पडतो. वीस स्वतंत्र आभासी विंडोज चालविण्याऐवजी एकच विंडोज सर्व्हर चालवावा आणि वीस जणांनी त्याच्यातच आपापली खिडकी उघडावी. येथे व्हीडीए लागत नाही. सर्व्हरचा परवाना लागतो. तो २०१६ च्या आवृत्तीपासून यंत्रातील गाभ्यांवर, म्हणजे कोअरवर मोजला जातो, आणि कमीत कमी सोळा गाभ्यांचा घ्यावाच लागतो, मग यंत्रात आठ का असेनात. शिवाय प्रत्येक उपकरणामागे किंवा माणसामागे दोन प्रवेश-परवाने, एक सर्व्हरचा आणि दुसरा दूरस्थ मेजाचा. दुसरा विसरण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. सुरुवातीचे चार महिने यंत्र तक्रार करीत नाही, म्हणून मालकास वाटते सारे ठीक आहे. मग एका सोमवारी सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. परंतु हे परवाने एकरकमी मिळू शकतात, दरवर्षीचे भाडे नसते. टॅलीसारखे काम यात उत्तम चालते. काही जुन्या यंत्रनियंत्रणाच्या प्रणाली चालत नाहीत.

श्रोतेहो, येथे थोडे विषयांतर करतो. आयबीएमने २३ जून १९६९ रोजी जाहीर केले की यापुढे यंत्र व त्यावरील प्रणाली यांची किंमत वेगवेगळी आकारली जाईल. तोवर प्रणाली यंत्रासोबतच येत असे आणि तिचा स्वतंत्र हिशेब कोणी करीत नसे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आपल्या तारापूरची वीज सुरू झाली. या दोन घटनांचा परस्पर काही संबंध नाही. परंतु ज्या वर्षी आपल्या दारात कारखानदारी येण्याचा पाया पडला, त्याच वर्षी जगात अदृश्य वस्तूचे वेगळे बिल फाडण्याची रीत रुजली, ही गोष्ट मला गंमतीची वाटते.

मूळ मुद्दा असा की आभासी पद्धतीत मालक एक नसतो. विंडोजच्या खाली, यंत्राचे वीस भाग करणारी जी प्रणाली असते, तिचाही मालक असतो. अनेक वर्षे व्हीएमवेअर हे त्यातले मोठे नाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी विकत घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सारे वर्गणीवर आणले. ज्यांनी एकदाच पैसे भरून यंत्रणा उभी केली होती, त्यांचा जुना परवाना कायम राहिला. पण त्याच्या देखभालीचे नूतनीकरण पूर्वीच्या अटींवर होईना. आणि वर, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षाचकती लागते, ती कित्येक जुन्या संगणकांत नाही. जे जुन्यावरच राहू इच्छितात त्या व्यवसायांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट, असा दर जाहीर झाला; तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. तीच विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मेघावर भाड्याने घेतली तर हा आकार नाही. सूज्ञांस यातील दिशा कळेल.

आता ज्या वाक्यासाठी मी आज येथे उभा आहे, त्याकडे वळतो. कार्यकारिणीच्या बैठकीत मी हा हिशेब मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, सरळ विचारले, “हे सगळे कोण भरतो? वसाहतीत निम्म्या गाळ्यांत विंडोज फुकट चालते. आपल्याकडे कोण तपासावयास येणार?” निम्म्या गाळ्यांचे मला ठाऊक नाही, पण ते सर्वस्वी कल्पनेने बोलत नव्हते हे आपण सारे जाणतो. म्हणून कायदा काय म्हणतो तेवढे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ६३-ब हे कलम घालण्यात आले. प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कारावास, आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास माफ करून ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडू शकते; वसतिगृहास त्या सवलतीचा आधार मागता येईल, गाळेवाल्यास येणार नाही. आणि ६९ व्या कलमाप्रमाणे संस्थेकडून अपराध घडला तर त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत. चाळीस वर्षे त्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या. त्यांच्या सहीखाली हे काम व्हावे काय, एवढाच प्रश्न मी त्या ज्येष्ठांस केला. त्यांनी उत्तर दिले नाही, पण विरोधही मागे घेतला नाही, आणि त्यांचे मत आजही तेच आहे हे येथे नमूद करणे न्याय्य होय.

मग उपाय कोणता? शैक्षणिक सवलतीचा परवाना मिळेल काय, असे काहींनी सुचविले. ती सवलत पात्र शिक्षणसंस्थांना असते. आपले वसतिगृह शाळा नव्हे, महाविद्यालयही नव्हे, त्यामुळे ती धरून अंदाजपत्रक करता येत नाही. दुसरी सूचना त्या तरुण अभियंत्याची, आणि ती मला मान्य झाली. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून केव्हीएम नावाची सोय आहे, तीच यंत्राचे भाग पाडते आणि तिला परवानाशुल्क नाही. तिच्यावर आधारलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली चालविण्यासही शुल्क नाही. मदत हवी असेल तर वर्गणी. आभासी संगणकांतही लिनक्सच घालावे. त्यावर लिबरऑफिस चालते, मराठी टंकलेखन व्यवस्थित होते, आणि किती मोबाइल जोडले हे कोणी मोजत नाही. मुलांना खोलीतून काम करता यावे ही माझी हौसही त्यात पुरी होते.

परंतु हा मार्ग निष्कंटक आहे असे सांगून मी दुसरी चूक करणार नाही. पालकसभेत एक भगिनी म्हणाल्या, “माझा मुलगा बोईसरला मुलाखतीस गेला तर त्याला टॅली व एक्सेल विचारतील, लिनक्स नाही विचारणार.” त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. डिजिटल सहीची चावी, जुने ठोक-छपाई यंत्र, काही सरकारी संकेतस्थळे, यांचेही विंडोजशी जितके जमते तितके इतरांशी जमत नाही. दीड महिना आम्ही पाच मुलांकडून दोन्ही प्रकारचे काम करवून पाहिले. लेखन, तक्ते, अभ्यास, प्रोग्रामिंग यांत अडचण आली नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाची मात्र चौथ्या दिवशीच टॅलीवाचून गाडी अडली. म्हणून वीसपैकी चौदा मेजे आभासी लिनक्सवर, आणि सहा मेजांवर साधे स्वतंत्र संगणक, दुकानातून रीतसर विंडोजसह घेतलेले, असा मध्यम मार्ग काढला आहे. या सहांचा परवाना यंत्रासोबतच येतो, वार्षिक भाडे नाही, व्हीडीए नाही. दिसायला हे जुनाट दिसेल. आभासी यंत्रणेतील विंडोजपेक्षा मेजावरची साधी विंडोज स्वस्त पडते, हे मला तीन महिन्यांपूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

गाळेवाल्या बांधवांना जाता जाता एवढेच विनवितो की दरपत्रकात ‘समाविष्ट’ हा शब्द दिसला तर परवान्याचे पूर्ण नाव लिहून मागा, तो यंत्रामागे की माणसामागे की गाभ्यामागे हे लिहून मागा, आणि पाचव्या वर्षाअखेर एकूण किती हा आकडा मागा. आणि परवान्याचे बिल गाळ्याच्या भाडेपावतीजवळ ठेवा. तपासणीच्या पत्रास उत्तर देताना आठवण चालत नाही, कागद लागतो.

उद्या सकाळी सर्वसाधारण सभेपुढे सुधारित अंदाजपत्रक येईल. देणगीदार कुटुंबाने बदलास लेखी संमती दिली आहे. जुन्या विक्रेत्यास दिलेला ५०,००० रुपयांचा बयाणा परत मिळण्याची चिन्हे नाहीत. त्याने तसे कळविले आहे. ती शिफारस माझी होती, म्हणून ती रक्कम दोन हप्त्यांत माझ्याकडून भरून घ्यावी असे पत्र मी खजिनदारांकडे दिले आहे. त्यांनी ते अद्याप स्वीकारलेले नाही. सभेने त्यावर निर्णय द्यावा. अभियंता बंधू सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. तांत्रिक प्रश्न मला न विचारता कृपया त्यांनाच विचारावेत.